घाटात प्रत्येक गाडी थांबते

पुणे

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

पोस्टिंगची ऑर्डर आली तशी आईनं सगळ्या बिल्डिंगभर पेढे वाटले. आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची वर्दी घालून तू फलाटावर उभी राहणार, या विचारानं माझी छाती फुगते. पण परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर दोन वाक्यांत होण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या बॅचमधलं कुणीतरी म्हणालं, स्टेशनवर परप्रांतीयांवर नजर ठेवली की निम्मी सुरक्षा झाली. तू विचारलंस, बाबा, यात चूक काय? कायदा तू शिकून आली आहेस. मला जुन्या गाड्या आणि रेल्वे एवढंच कळतं, तर त्याच वाटेनं सांगतो.

कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयात तुला किती वेळा नेलं असेल! छोट्या गाड्या पुलावरून जाताना तू दर वेळी एकच विचारायचीस, हे कुणी बनवलं? मी सांगायचो, भाऊसाहेब जोशींनी. तोच प्रश्न आता बोरघाटाबद्दल, म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटाबद्दल विचार. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. त्याआधी खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ पासून चालू होती, पण मधला घाट लोक पालखीतून नाहीतर पायी ओलांडायचे. आखणी जेम्स बर्कलेची. ठेकेदार सोलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका सोडला नाही, इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. मोठी जिद्दीची बाई! ही नावं पुस्तकांत सापडतात. पण पंचवीस बोगद्यांचा कातळ कुणी फोडला? १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. देशावरचे, कोकणातले, त्याहूनही लांबून बायकापोरांसह आलेले. पटकीनं तळच्या तळ ओस पडायचे. मजुरी रखडली म्हणून १८५९ च्या जानेवारीत दंगाही झाला. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. आज तू ज्या रुळांची राखण करणार आहेस, ते त्यांनी टाकलेले आहेत.

आता घाटातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती सांगतो. घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. चढताना कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडीला ढकलणारी जादा इंजिनं लागतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. एकेकाळी तिथं स्विस धाटणीची डब्ल्यूसीजी-१ इंजिनं होती, ज्यांना सगळे खेकडा म्हणायचे. चढताना फार तर गाडी अडेल. धोका उतरताना. ब्रेक गेला तर हजार टनांची गाडी दरीत जायची. म्हणून उतारावर कॅच सायडिंग, म्हणजे बेताल गाडी अडवायचे बाजूचे रूळ ठेवले आहेत. तिथला सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, मुळातच सायडिंगकडे, म्हणजे डोंगराच्या चढाकडे लावलेला असतो. गाडीनं आधी थांबायचं, ब्रेक ताब्यात आहे हे दाखवायचं, मग सांधा मुख्य मार्गाला लागतो. जी थांबणार नाही ती आपोआप चढावर जाऊन अडकते. मालगाडी असो, १९३० पासून पुण्याची लाडकी असलेली डेक्कन क्वीन असो, सगळ्यांना तोच नियम. राणीसाहेब आहेत म्हणून सांधा आधीच उघडून ठेवत नाहीत, आणि मालगाडी मळकी आहे म्हणून तिला दोनदा थांबवत नाहीत. तिथं फक्त ब्रेक तपासतात. बॅग स्कॅनरमधून जाताना तुझं कामही एवढंच आहे, बॅगेत काय आहे ते बघायचं. बॅगवाल्याची बोली भोजपुरी आहे की सदाशिव पेठी, यावर यंत्राचा निकाल बदलत नाही. तुझाही बदलू नये.

सुरक्षा नको असं मी म्हणत नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलच्या सात डब्यांत स्फोट झाले, ती संध्याकाळ तुला आठवणार नाही, मला आठवते. १३ फेब्रुवारी २०१० ला तर कोरेगाव पार्कात आपल्याच गावात जर्मन बेकरीत माणसं मेली. बेवारस पिशवी दिसली की पाऊल थबकलंच पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलीस चौकीला द्यायचा नियम मला पटतो आणि वरच्या खोलीत सांगलीचा मुलगा राहायला आला तेव्हाही मी ती दिली. नियम सगळ्यांना सारखा लावला की कुणाला अपमान वाटत नाही आणि खरा गुन्हेगार निसटायची फटही उरत नाही. चेहरा बघून वीस गरीब बिहारी पोरांना बाजूला घेशील, तेवढ्यात नीटनेटका शर्ट घातलेला एकविसावा तुझ्यासमोरून निघून जाईल. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर निवेदक विष्णू झेंडे यांनी माइकवरून लोकांना दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं, आणि तुझ्याच दलाचे झिल्लू यादव दहशतवाद्यांना सामोरे गेले, त्यांना पुढं शौर्यपदक मिळालं. ही दोन नावं एकत्र लक्षात ठेव.

आता आपल्या घरचं. गाड्यांचा पत्रा सरळ करणाऱ्या आपल्या रामसूरतकाकांना तू ओळखतेसच. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरहून आले तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. सध्या ते आपल्या १९६८ च्या फियाटचं पुढचं मडगार्ड करतायत. पत्र्याच्या आतून लोखंडी डॉली धरायची, बाहेरून हातोडीनं हलके हलके ठोके द्यायचे, मग हात ओला करून पत्र्यावरून फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी लाट त्यांच्या तळहाताला कळते. नवीन पोरं पुट्टीचा थर मारून मोकळी होतात, दोन पावसाळ्यांत ती पापुद्र्यानं सुटते. काकांनी सरळ केलेल्या पत्र्याला पुट्टी लागत नाही. वालचंद हिराचंदांच्या कारखान्यानं इटलीची गाडी कुर्ल्यात बनवली, मुंबईत तिची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ती चालवणाऱ्यांत उत्तर प्रदेशचे लोक खूप होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा लोकांनी फोटो काढले, हळहळले. गाडीबद्दल एवढी माया, मग ती चालवणाऱ्याबद्दल का नाही?

२०२० च्या मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये, रामसूरतकाकांनी मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाडीसाठी चौकीत फॉर्म भरला, डॉक्टरचा दाखला जोडला. इतकी वर्षं इथं काढलेला माणूस, रेशन कार्ड इथलं, पोरगी इथल्या शाळेत, आणि रांगेत त्यांना एकानं 'ए भय्या, मागे हो' म्हटलं. ते मला आजही बोचतं. त्याच महिन्यात औरंगाबादकडच्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते, तिथून गाडी मिळेल या आशेनं. त्या वेळी जो साथरोग कायदा लावला होता तो १८९७ चा, पुण्याच्या प्लेगच्या काळातला. रेल्वेच्या प्रवाशांना तपासायचा अधिकार त्यात लिहिलेलाच आहे. प्लेगची साथ खरी होती, तपासणीची गरजही खरी होती. पण स्टेशनवर आणि घराघरांत ज्या तऱ्हेनं माणसांना वागवलं गेलं, त्याचा राग पुण्यानं पिढ्यान्‌पिढ्या धरला. म्हणून सांगतो, तपासताना आवाज कसा लावतेस, 'चल, हट' म्हणतेस की 'काका, बॅग इथं ठेवा' म्हणतेस, याला महत्त्व आहे.

आणि आपण तरी कुठं मूळचे पुण्याचे? तुझे आजोबा बाहत्तरच्या दुष्काळात बार्शीहून निघाले. बार्शी लाइटची अडीच फुटी छोटी गाडी कुर्डुवाडीपर्यंत, तिथून मोठी गाडी पुण्याला. अंगावर एक धोतर, पिशवीत भाकरी. पुण्यात त्यांच्या बोलण्यावर लोक हसायचे, खोली द्यायला का-कू करायचे. ती छोटी गाडी आता गेली, तो मार्ग मोठा झाला, आणि त्याच मार्गानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पाणी माणसाकडं पोचलं नाही की माणूस पाण्याकडं निघतो. बिहारहून येणाऱ्या दानापूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून उतरणाऱ्या पोरांच्या पिशवीत काय असतं हे आजोबांना विचारायची गरज पडली नसती.

तुझ्या फलाटावर एकटी बसलेली लहान मुलंही दिसतील. घरातून पळालेली, कुणी फूस लावून आणलेली. 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत तुझं दल त्यांना शोधून सांभाळतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्या कामात जीव ओत. स्थलांतराची खरी काळजी तिथं आहे, पोरं विकणाऱ्या दलालांत.

फियाटचं म्हणशील तर पन्नास वर्षं उलटल्यामुळं ती विंटेजमध्ये बसते. २०२१ च्या नियमाप्रमाणं व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. चासी-बॉडीत मोठा फेरफार झालेला चालत नाही, म्हणूनच काकांना मूळ मडगार्ड वाचवायला सांगितलंय. फॉर्म मी भरून ठेवतो. नाव तुझं घालायचं की माझं, ते रविवारी फोनवर सांग. आणि ड्युटीचे बूट चावत असतील तर एक नंबर मोठे घे, आतून जाड मोजे घाल.

तुझे,
बाबा