काकू, तो एडी लंडनचा नव्हता

ती. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

मी तिसऱ्या माळ्यावरचा. तुम्ही ज्याला ‘काळा शर्ट’ म्हणायचात, तो. डोंबिवलीची आपली ती बिल्डिंग पाडून आता तिथे टॉवर झालाय, तुम्ही मुलीकडे चिपळूणला गेलात आणि माझे केस कपाळावरून बरेच मागे सरकलेत. तरी ओळखाल.

पत्र घरी पाठवायचं सोडून असं सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या कामाबद्दल मी एक खोटं चारचौघांत बोललो होतो. एकदा नाही, बरीच वर्षं बोलत होतो. तेव्हा मागेही चारचौघांतच घ्यायला हवं. आभार मानायचे आहेतच, पण आधी कबुली.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. काकू, तोवर तुम्ही चहा घ्या.

आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल, म्हणजे दणदणीत रॉक वाजवणारा बँड. स्टीव्ह हॅरिस या बास वाजवणाऱ्या माणसाने १९७५ सालच्या नाताळात पूर्व लंडनमध्ये सुरू केलेला. त्यांच्या अल्बमच्या कव्हरवर एडी नावाचं एक भूत असतं. अर्धं सडलेलं, दात विचकलेलं. सुरुवातीच्या वर्षांत ते डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलं आणि १९८४च्या ‘पॉवरस्लेव्ह’वर त्याला थेट इजिप्तचा फॅरो केलं. माझ्या हाती या बँडची कॅसेट आली ती मावसभावाकडून. तो धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव बघून घडलेल्या पिढीतला. कॅसेट देताना त्याने कुलदैवताचा टाक द्यावा तशी दोन्ही हातांनी दिली होती.

मेटल ऐकणाऱ्यांत बॅटल जॅकेट नावाची चीज असते. बाह्या कापलेलं डेनिमचं जॅकेट, त्यावर आवडत्या बँडचे शिवलेले पॅच, आणि पाठीवर मधोमध एक मोठा. ही चाल मोटरसायकलवाल्यांच्या टोळ्यांकडून आली. जर्मन लोक या जॅकेटला जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ मठातल्या भिक्षूची कफनी. मला हे पुष्कळ नंतर कळलं, पण कळल्यावर पटलं. कारण हे जॅकेट विकत घ्यायचं नसतं, जमवायचं असतं. एकेक पॅच एकेक कार्यक्रमाचा, एकेका मित्राचा, एकेका मोडलेल्या सुईचा. शक्यतो धुवायचं नसतं. (आईने एकदा सर्फमध्ये भिजवलं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.)

आमच्याकडे पॅच कुठून असणार? परदेशी पॅच ज्याच्याकडे, तो मोठा. त्याचा कोणीतरी दुबईला, नाहीतर लंडनला. आमचे सगळे ठाणे, कल्याण आणि एक आत्या नाशिकला. म्हणून मी घरीच उद्योग सुरू केले. बाबांच्या छातीचा जुना एक्स-रे ब्लेडने कापून स्टेन्सिल केलं आणि काळ्या टीशर्टवर पांढरा फॅब्रिक कलर स्पंजने थापला. काळ्यावर एका हातात रंग बसत नाही, पिऊन टाकतो कापड. दोन हात द्यावे लागतात, मग वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री. सगळं नीट केलं आणि स्टेन्सिलच उलटं ठेवलं होतं. वाळत घातला तेव्हा खालून तुमचा आवाज आला, “अरे ए, ॲम्ब्युलन्स आहे का ती? आरशातून वाचायची?”

तशी आपली ओळख झाली, काकू. तळमजल्यावरच्या तुमच्या त्या पिको-फॉल आणि मशीन एम्ब्रॉयडरीच्या दुकानाला दुकान म्हणायचं तर एक टेबल, एक पायमशीन आणि भिंतीवर दोऱ्यांची रिळं. मी रोज तिथून जायचो, थांबलो मात्र कधी नव्हतो. बायकांची जागा वाटायची.

जानेवारी २००८. आयर्न मेडन मुंबईत येणार, १ फेब्रुवारीला, वांद्रे-कुर्ला संकुलात. नव्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच प्रयोग आपल्याकडे. आधीच्या वर्षी मार्चमध्ये ते बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर येऊन गेले होते, पण माझी परीक्षा होती आणि बाबा होते. हे दोन्ही अडथळे यंदा मी ओलांडले होते. तिकीट हातात होतं. उल्हासनगरहून घेतलेलं जॅकेट होतं, त्याच्या बाह्या मी आधीच कापून ठेवल्या होत्या. पाठ मात्र कोरी.

कॅसेटचं कव्हर घेऊन आलो आणि म्हणालो, हे पाठीवर हवंय. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत.

“हा कोण, राजा का राक्षस?”

“राजा. मेलेला.”

“मग डोळे का उघडे?”

याला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

पुढचे दहा दिवस मी जे बघितलं ते लिहून ठेवतो, कारण आता असं काम करणारे हात कमी उरलेत. कव्हरवरचं चित्र काडेपेटीएवढं. ते मी स्टेशनजवळून टप्प्याटप्प्याने मोठं झेरॉक्स करून आणलं. तुम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने रेषा उतरवल्यात आणि मग त्या रेषांवर सुईने टोचे मारत गेलात, अगदी जवळजवळ, दोन टोच्यांत मुंगी मावेल एवढंच अंतर. खाली काळं केसमेंटचं कापड. रॉकेलमध्ये सफेदा कालवून, कापसाचा बोळा बुडवून कागदावरून फिरवलात. कागद उचलला तर काळ्या कापडावर ठिपक्याठिपक्यांचा एडी उमटलेला. दुकानभर रॉकेलचा वास. मला त्या क्षणी जे झालं ते पुढे कुठल्याही गिटारच्या सोलोने झालेलं नाही.

मग मशीनचा पाय काढलात, दाते झाकलेत, कापड रिंगमध्ये ताणलंत. खाली पाय चालतायत आणि वर दोन्ही हात रिंग फिरवतायत, सुई जागेवरच वरखाली. म्हणजे चित्र सुई काढत नव्हती, कापडच सुईखाली नाचत होतं. त्या वर्षी भारनियमनाचा नुसता कहर होता. लाइट गेले की मी हळहळायचो. तुम्ही म्हणायचात, “मशीनला नाही लागत लाइट, डोळ्यांना लागते,” आणि मेणबत्ती लावायचात. लग्नसराईची ब्लाउजं रांगेत होती. एका नवरीच्या आईने माझ्या एडीकडे बघून “अगंबाई” म्हटलेलं मी ऐकलंय. तुम्ही तिला शांतपणे सांगितलंत, “कॉलेजच्या प्रोजेक्टचं आहे.” म्हणजे खोटं तुम्हीही बोललात, काकू. पण माझ्यासाठी.

एक गोष्ट बारकाईने सांगायची आहे. झेरॉक्समध्ये एडीच्या कपाळावर नुसता काळा डाग आला होता. कॅसेटवर इतकं बारीक की तिथे काय आहे ते कळेना. मी म्हणालो, भरून टाका सोनेरी. तुम्ही विचारलंत, राजे लोक तिकडे कपाळावर काय लावतात? शाळेतलं पुस्तक आठवून मी म्हणालो, नाग असतो बहुतेक. ते खरंही होतं, इजिप्तच्या राजांच्या कपाळावर नाग असे. झालं. तुम्ही नाग काढलात, पण नागपंचमीच्या चित्रातला. फडा काढलेला, दुहेरी जिभेचा, आणि त्या फड्यावर जरीच्या दोऱ्याने दहाचा आकडा. १०. देवनागरीत.

मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चिडलो होतो. बोललो नाही, पण चिडलो होतो. तुम्हाला कळलं असणार, कारण तुम्ही म्हणालात, “नागाला दहा असतोच रे.”

रिंगमध्ये डेनिमची शिवण मावेना म्हणून पॅच वेगळा केला होता. तो जॅकेटला लावायचा तर मशीनच्या दोन सुया मोडल्या. मी म्हणालो, राहू दे, सेफ्टी पिना लावतो, सगळे लावतात. तुम्ही म्हणालात, “गर्दीत कोणाला टोचली म्हणजे?” आणि ३१ जानेवारीच्या रात्री बोटात अंगुस्तान घालून, दुहेरी दोऱ्याला मेण लावून, चारी बाजूंनी काजाच्या टाक्याने तो पॅच हाताने शिवलात. बाह्यांच्या कापलेल्या कडा तुम्हाला बघवत नव्हत्या. दुमडून देते म्हणालात, मी नको म्हणालो, ते तसंच लोंबायला हवं असतं. तर तुम्ही कडेपासून बोटभर आत, काळ्या दोऱ्याने, दिसणार नाही अशी एक शिवण मारलीत. दोरे लोंबले, पण त्या शिवणीपुढे आजवर एक इंच उसवलं नाही. मी इतरांची जॅकेटं बघितलीत. खांद्यापर्यंत उसवतात.

पैसे किती, तर दोऱ्याचे एकशेवीस.

मनगटपट्टीचं तर राहूनच जातंय. स्टीव्ह हॅरिस वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचा भक्त आहे आणि त्यांच्या रंगाच्या पट्ट्या मनगटावर घालतो, जांभळट तांबडा आणि आकाशी. हे मी सहज बोललो होतो. तुम्ही नातवाच्या टोपड्यातली उरलेली आकाशी लोकर आणि कुणाच्या तरी जुन्या स्वेटरची उसवलेली बाही वापरून क्रोशाने पट्टी विणून दिलीत. फेब्रुवारीत. मुंबईत. लोकरीची. मी ती पूर्ण कार्यक्रमभर घातली आणि पुढे आठवडाभर मनगटावर घामोळं होतं.

कार्यक्रमाला कुर्ल्यापर्यंत लोकलने गेलो. गेटवर सुरक्षावाल्यांनी टोकदार म्हणून जे दिसेल ते काढायला लावलं. पट्टे, खिळ्यांची मनगटं आणि पिना. ज्यांचे पॅच पिनांवर होते त्यांच्या हातात पॅच आले आणि पिना ढिगात गेल्या. एक मुलगा दोन पॅच खिशात कोंबून रडवेला झाला होता. माझ्या पाठीवरून त्या माणसाने तळवा फिरवला, काही टोचलं नाही, जा म्हणाला.

आत गेलो तर स्टेजवर इजिप्त. तो दौराच त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या काळावर बेतलेला होता, त्यामुळे सगळा देखावा ‘पॉवरस्लेव्ह’चा. मागे भलामोठा ममीच्या रूपातला एडी उभा राहिला तेव्हा मी वेड्यासारखा पाठ वळवून स्टेजला माझा एडी दाखवत होतो. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक आहे. बँड, माणसं आणि सगळं सामान भरलेलं बोइंग ७५७ तोच चालवत घेऊन आला होता. त्या दौऱ्यावर पुढे माहितीपट निघाला, त्यात मुंबई आहे. मी तो थांबवून थांबवून बघितलाय. माझी पाठ नाही दिसत.

आणि तिथे, दोन गाण्यांच्या मधे, मागच्या मुलाने माझ्या पाठीवर बोट ठेवून विचारलं, “भावा, हा कुठून आणला?”

मी म्हणालो, “लंडनहून. काका असतात माझे.”

किती सहज निघालं तोंडातून. त्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला, तो मला हवा होता. डोंबिवली म्हटलं असतं तर तो उमटला नसता असं मला तेव्हा वाटलं. मग घोळक्यात ते पसरलं, काहींनी फोटो काढले, आणि पुढे प्रत्येक कार्यक्रमात मी लंडनवाला झालो. २००९ला बंगळुरूला गेलो, तिथेही तेच. खोटं जुनं झालं की त्याला तपशील फुटतात. काकांना मी एका दुकानातही नोकरीला लावलं.

पाठीवर देवनागरीत दहा लिहिलेला नाग, आणि वर मी लंडन सांगतोय! एकालाही दिसला नाही. म्हणजे दिसला असेल, पण लंडन म्हटल्यावर तो आकडा वाटला नसेल, नक्षी वाटली असेल.

गेल्या महिन्यात जॅकेट काढलं. भिंतीवर चौकटीत लावायचा विचार होता. तिकीट, पट्टी आणि जॅकेट, सगळं एकत्र. हँगरला लावताना दिसलं की फड्यावरच्या दहातलं शून्य उसवलंय, जरीचा दोरा सुटून लोंबतोय. एक मात्र शाबूत. जवळच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे नेलं. त्याने आधी पॅच उलटून बघायचा प्रयत्न केला, बघता येईना, इतका घट्ट शिवलेला. मग भिंगातून टाके बघितले आणि विचारलं, हातमशीनचं काम आहे, कुणी केलं?

लंडन अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या दुकानातही रॉकेलचा तोच वास होता, कोपऱ्यात जुनं पायमशीन होतं, बहुधा वडिलांचं. मी म्हणालो, आमच्या काकूंनी. तो म्हणाला, “मग त्यांच्याकडेच न्या ना. माझं मशीन एवढ्या जागेत असा गोल नाही मारत.”

तर काकू, येत्या रविवारी मी चिपळूणला येतोय. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं आईकडून कळलं, तेव्हा सुई मी ओवून देईन. टाका कसा घालायचा ते तुम्ही सांगा, शून्य मी काढतो. जरीचा दोरा कुठल्या जातीचा होता ते आठवत असेल तर भाचीकडून निरोप द्या, इथून घेऊन येईन. आणि एकशेवीस दोऱ्याचे होते, मजुरी राहिली आहे. ती तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे, पण मी पाकिटात घालून आणणार आहे.

चौकटीचा बेत रद्द केलाय. एडी अंगावरच बरा.

तुमचा,
काळा शर्ट

ता. क. पुण्याच्या ज्या मुलाने मला लंडनच्या काकांचा पत्ता मागितला होता आणि मी ज्याला एक आख्खा खोटा पत्ता कागदावर लिहून दिला होता, तो हे वाचत असेल तर: सॉरी यार. पॅच डोंबिवली पूर्वेचा आहे.