अकरा महिन्यांचं घर, बारा महिन्यांची पॉलिसी

मा. केंद्रीय अर्थमंत्री मॅडम, नमस्कार.

मी म्हापशात भाड्याने राहतो. गोव्यात भाड्याने राहायचं म्हणजे ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, ते संपत आलं की घरमालकाला एकतर भाडं वाढवून हवं असतं नाहीतर घर टुरिस्टना द्यायचं असतं, मग आम्ही परत पिकअप बोलावतो आणि खोकी बांधायला घेतो. सहा वर्षांत फोंडा, पर्वरी, म्हापसा अशी चार घरं झाली (म्हापशात दोन). दरवेळी गॅसचा पत्ता बदलतो, पोलीस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्म भरतो, पोराच्या शाळेत कळवतो. विम्याचं डोक्यातच येत नाही.

आपल्याला वाटतं विमा सामानाचा आहे, टीव्ही आपल्याबरोबर आला म्हणजे विमाही आला. तसं नसतं हो, विमा त्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो! गेल्या जूनमध्ये घर बदललं आणि आठव्या दिवशी शेजारच्या माडावर वीज पडली, टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर सगळं गेलं. वीज पडणं पॉलिसीत बसतं म्हणून निवांत फोन केला तर एजंट म्हणतो, एंडोर्समेंट नाही केलं? हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, म्हणजे पत्ता बदलल्याची पॉलिसीत नोंद करून घेणं. पत्ता जुना म्हणून क्लेम परत.

चूक माझी, मान्य. पण कळवलं असतं तरी कुठला पत्ता सांगणार होतो? पावसामुळे सामान दोन खेपांत आलं, चार दिवस कपाट पर्वरीला आणि फ्रीज म्हापशाला. आणि पिकअपमध्ये असताना काही फुटलं तर त्याला ट्रान्झिटचा विमा वेगळा.

२०२१च्या १ एप्रिलपासून भारत गृह रक्षा पॉलिसी आली, भाडेकरू नुसत्या सामानाचाही विमा काढू शकतो, हे खरंच चांगलं केलंत. दहा वर्षांपर्यंतची घेता येते म्हणे, दहा वर्षांत माझे पत्ते किती होतील त्याचा हिशोब कुणी केलाय का? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढलात, घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे, तोही एकवेळ भरू.

मागणं एवढंच की विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयला सांगून शिफ्टिंगचे पंधरा दिवस दोन्ही पत्त्यांवर कव्हर चालू ठेवायची सोय सगळ्या पॉलिसींत घालायला लावा, आणि पत्ता मोबाईलवरून त्याच दिवशी बदलता येऊ दे. माझी कंपनी मला वाढदिवसाचा मेसेज न चुकता पाठवते, त्याऐवजी अकराव्या महिन्यात ‘घर बदलताय का?’ एवढं विचारलं तरी पुरे, कारण रिन्युअलचा मेसेज बाराव्या महिन्यात येतो आणि तोवर आम्ही शिफ्ट झालेलो असतो.

माझं आत्ताचं ॲग्रीमेंट मे महिन्यात संपतंय, त्याआधी जमलं तर बघा.

आपला,
म्हापशातला एक भाडेकरू