दिवे बदला, पण आधी रात्री दाखवा

महोदय,

ऐतिहासिक परिसरातील सोडियमचे जुने पथदिवे बदलून एलईडी लावण्याचा प्रस्ताव आला की ठरलेला वाद सुरू होतो. प्रशासन वीजबचतीचे आकडे पुढे करते आणि हरकत घेणाऱ्या रहिवाशांवर जुन्याला कवटाळून बसल्याचा शिक्का बसतो. या गदारोळात, नवा दिवा नेमका कोणत्या रंगाचा, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसणार, हा प्रश्न बाजूलाच राहतो; आणि त्याचे उत्तर जेव्हा मिळते तेव्हा कंत्राटदाराची शिडी खांबाला लागलेली असते.

सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. रंग जसेच्या तसे दाखवण्याच्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर या दिव्यांना जेमतेम २० ते २५ गुण मिळतात, म्हणजे त्यांच्याखाली लाल दरवाजा आणि तपकिरी दरवाजा यांत फरक कळत नाही. एलईडीला वीजही बरीच कमी लागते. बदल व्हावा, हे मलाही मान्य आहे.

परंतु एलईडी म्हणजे पांढराशुभ्र प्रकाश, हा समज चुकीचा आहे. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात. सोडियमचा दिवा साधारण २००० ते २२०० केल्विनचा असतो, तर रस्त्यांवर सर्रास बसवले जाणारे एलईडी ४००० केल्विनचे किंवा त्याहून वरचे असतात. आकडा जितका चढा तितका प्रकाश थंड आणि निळसर. (तापमानाच्या एककाने थंडपणा मोजावा लागतो, हे जरा गमतीचेच.) पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश निर्माण होतो आणि वरच्या फॉस्फरच्या, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाच्या, थरामुळे त्याला पांढरेपणा येतो; हा थर बदलला की तेच तंत्रज्ञान २७०० किंवा २२०० केल्विनचा उबदार प्रकाश देते. त्यासाठी वीजबचतीतील थोडा वाटा सोडावा लागतो, इतकेच. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये पथदिवे ३००० केल्विनच्या वर नसावेत, असे सुचवले होते, कारण निळसर प्रकाशाने डोळे दिपतात आणि झोपेच्या चक्रावर परिणाम होतो.

दिवे बदललेल्या अशाच एका जुन्या गल्लीत मी मध्यंतरी रात्री गेलो होतो. दिव्याच्या बरोबर खाली मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा स्पष्ट दिसत होता. पंधरा पावलांवरची झिजलेली दगडी पायरी मात्र मला दिसलीच नाही, कारण उघड्या झोताने डोळे दिपले होते आणि दोन खांबांमधला अंधार पूर्वीपेक्षा गडद वाटत होता. वयोमानाने डोळ्यातले भिंग गढुळले की हा त्रास वाढतो. दरवाजाच्या चौकटीवरची वेलबुट्टी तर भिंतीवर कागद चिकटवावा तशी सपाट दिसत होती. दगडातली किंवा लाकडातली नक्षी दिसते ती सावलीमुळे, आणि समोरून पडणारा प्रखर झोत नेमकी ती सावलीच पुसून टाकतो.

याची किंमत इतरांनी मोजून झाली आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस शहराने २०१४ मध्ये बसवलेले थंड छटेचे एलईडी रहिवाशांच्या तक्रारींनंतर उतरवून उबदार छटेचे लावले, म्हणजे एकाच कामासाठी दोनदा पैसे गेले. मुंबईत मरीन ड्राइव्हची पिवळी दिवेमाळ २०१५ मध्ये पांढरी झाली तेव्हाही ओरड झाली आणि पुढे तेथे उबदार छटेचे दिवे आले. रोममध्ये २०१७ मध्ये जुन्या वस्त्यांतील रहिवाशांनी अशाच पांढऱ्या प्रकाशाविरुद्ध आवाज उठवला. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये तर २०२१ साली सुमारे ३०० गॅसबत्त्या काढून एलईडी लावण्याचा बेत जाहीर झाला आणि नागरिकांच्या रेट्यामुळे त्यांतील अनेक बत्त्यांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले.

निविदेत मात्र बहुधा वॉट, लुमेन (म्हणजे एकूण प्रकाश किती), दिव्याचे आयुष्य आणि दर एवढेच पाहिले जाते. ऐतिहासिक परिसरासाठी छटा २७०० केल्विनच्या वर नको, दिव्याचा स्रोत थेट डोळ्यांत न येणारे आच्छादन हवे आणि मध्यरात्रीनंतर प्रकाश मंद करण्याची सोय हवी, ही तीन वाक्ये त्यात घालायला कोणतीच तांत्रिक अडचण नाही. शिवाय काम देण्याआधी त्याच रस्त्यावर दोन-तीन प्रकारचे दिवे आठवडाभर लावून ठेवावेत आणि रहिवाशांना, दुकानदारांना, रात्री उशिरा एकट्याने घरी परतणाऱ्या महिलांना ते पाहून मत नोंदवू द्यावे. सुरक्षिततेच्या नावाखाली प्रखर दिव्यांचा आग्रह धरला जातो, तेव्हा ज्यांच्या सुरक्षिततेची चिंता वाहिली जाते त्यांनाही एकदा विचारायला हवे. दिवसाउजेडी सभागृहात दाखवलेल्या चित्रफितीवरून रात्रीच्या प्रकाशाचा अंदाज कसा येणार?

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. दिव्यांबरोबर ओतीव लोखंडाचे जुने खांबही उपटले जातात. गंजून पोकळ झालेले खांब धोकादायक असतात आणि ते काढावेच लागतील. पण धडधाकट खांबांच्या जुन्या कंदिलात नवा एलईडी संच बसवता येतो आणि तसे अनेक ठिकाणी केलेही जाते. म्हणून पहिला खांब हलवण्यापूर्वी प्रत्येक खांबाची छायाचित्रासह नोंद करावी, कोणता का काढला जातो हे लेखी द्यावे आणि काढलेले खांब भंगारात न विकता जपून ठेवावेत आणि या नोंदींची यादी निविदा निघण्याआधी नागरिकांना पाहायला मिळावी, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक नियमित वाचक