पैठणी आपली, मग फ्लेक्सवरची बाई आपली का नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या लगीनसराईत भाचीसाठी शालू घ्यायला मी अंबाजोगाईच्या बाजारात गेले होते. दुकानाच्या दर्शनी भागावर दोन मजले उंचीचा फ्लेक्स होता आणि त्यावर पैठणी नेसून जी तरुणी उभी होती, तिच्यासारखी दिसणारी एकही बाई त्या दिवशी त्या दुकानात नव्हती. गादीवर बसून पदर उलगडून पाहणाऱ्या बायका गव्हाळ, सावळ्या, काळ्या, उन्हाने रापलेल्या होत्या. कुणाच्या कपाळावर गोंदण होते, कुणाच्या गालांवर वांग, कुणाचे केस अर्धे पिकलेले. दुकान चालत होते ते त्यांच्याच पैशांवर, परंतु त्यांच्यापैकी एकीलाही त्या फ्लेक्सवर जागा मिळाली नसती. पैठणी आपल्या पैठणची, नेसणारी आपल्या गावची, मग ती नेसून दाखवणारी बाई आपल्यातली का असू नये, या प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत मॉडेलऐवजी सामान्य स्त्रिया घ्याव्यात, ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे साबणाच्या जाहिरातीत चित्रपटतारका झळकण्याची प्रथा जुनी आहे. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस दिसल्या आणि ती वाट पुढे रुळली. त्याउलट २००४ मध्ये युनिलिव्हर कंपनीने आपल्या डव्ह या साबणासाठी सुरकुत्या असलेल्या, पिकल्या केसांच्या, भरलेल्या अंगाच्या स्त्रिया जाहिरातफलकांवर आणल्या. त्या मोहिमेआधी दहा देशांतील सुमारे ३,२०० स्त्रियांना प्रश्न विचारले गेले, तेव्हा स्वतःला ‘सुंदर’ म्हणवून घेणाऱ्या केवळ दोन टक्के निघाल्या. त्या दहा देशांत भारत नव्हता. बीड किंवा हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावात हाच प्रश्न विचारला असता तर बहुतेक जणींनी आधी मान खाली घातली असती, असे शाळेत चौतीस वर्षे काढलेल्या मला वाटते.

मात्र याच कंपनीची भारतातील शाखा १९७५ पासून फेअर अँड लव्हली हे गोरे करणारे क्रीम विकत होती, हे विसरता येत नाही. एका साबणाने ‘आहात तशाच सुंदर आहात’ म्हणायचे आणि त्याच घरातल्या क्रीमने गोरे झाल्यावर नोकरी आणि स्थळ मिळते असे दाखवायचे, हे कितीतरी वर्षे शेजारी शेजारी चालले. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ‘ग्लो’ आला. म्हणून सामान्य स्त्रीचा चेहरा जाहिरातीत दिसला एवढ्यावर मी समाधान मानणार नाही. तो चेहरा जसा आहे तसा छापला आहे का आणि त्या स्त्रीला तिचा मोबदला मिळाला आहे का, हे मला आधी विचारावेसे वाटते.

पहिल्या प्रश्नामागे घरचा अनुभव आहे. याच भाचीचा बायोडाटा करताना तिचा फोटो एका स्टुडिओत काढला. न विचारता तिचा रंग दोन छटांनी उजळ करून दिला गेला, गालावरचा तीळही पुसला गेला. पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा पाहुण्यांतील एक बाई सर्वांसमोर म्हणाल्या, ‘फोटोत तर उजळ वाटत होती.’ लबाडी संगणकाची आणि खाली मान घातली मुलीने. बायोडाट्यात आपण ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ असे शब्द तोलून मापून लिहितो, ‘सावळी’ लिहिताना हात अडखळतो आणि ‘काळी’ तर कोणीच लिहीत नाही. ज्या विठ्ठलाला आपण प्रेमाने सावळा म्हणतो, ज्याच्या भक्तीत गंगाखेडच्या जनाबाईने आयुष्य वाहिले, त्याचाच रंग घरातल्या मुलीला आला की आपल्याला ती उणीव वाटते.

यात शिक्षकही आले. गॅदरिंगला पाहुण्यांचे औक्षण करायला उजळ रंगाच्या मुली पुढे उभ्या करण्याची पद्धत होती आणि मीही तशाच मुली निवडल्या आहेत. मागच्या रांगेत राहिलेल्या मुलींना त्याचे कारण कोणी सांगावे लागत नसे. त्याची मला आज खंत वाटते.

मोबदल्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सामान्य स्त्री घेतली म्हणजे काम फुकटात झाले, असे होता कामा नये. तिची लेखी संमती घ्यावी, फोटो कुठे आणि किती दिवस लागणार ते तिला सांगावे आणि मॉडेलला दिले असते तेवढेच मानधन तिलाही द्यावे. जर्मनीतील ब्रिगिटे या स्त्रियांच्या नियतकालिकाने २०१० पासून व्यावसायिक मॉडेल न घेण्याचे ठरवले होते; २०१२ मध्ये मॉडेल परत आल्या. यावरून काही जण कल्पनाच फसली असे म्हणतील. मला तसे वाटत नाही. ‘सामान्य’ म्हणून निवडलेली स्त्रीसुद्धा सडपातळ, तरुण आणि नितळ कांतीचीच हवी असेल, तर वाचकाला फरक कळणार तरी कसा?

आमचे व्यापारी बांधव म्हणतात की गिऱ्हाइकाला देखणेपण पाहायचे असते. ते मान्य आहे, पण देखणेपण म्हणजे गोरेपण हे कोणी ठरवले? अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील सावळी राजकन्या दीड हजार वर्षांपूर्वी याच भूमीतल्या भिंतीवर रंगवली गेली. तिच्या अंगावरचे दागिने त्या सावळ्या रंगावरच उठून दिसतात. आमच्या सराफांनी ती एकदा नीट पाहावी.

नियमांचा आधारही आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे एएससीआयने, २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली; सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्नात, नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असे त्यांत म्हटले आहे. नॉर्वेमध्ये तर २०२२ पासून जाहिरातीतील फोटोत शरीराचा आकार, ठेवण किंवा त्वचा बदलली असेल तर तसे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या तालुक्याच्या फ्लेक्सवर मात्र कोणाचीच नजर नसते.

शेवटी आपल्यालाच एक विनंती. नवरात्रात वृत्तपत्रे कर्तबगार सामान्य स्त्रियांवर ‘नवदुर्गा’ सदर चालवतात. त्या सदरातील शेतकरी बाई, परिचारिका, एसटीची वाहक आपल्या मूळ रंगात छापली जाते आणि त्याच पानावर खाली साडीच्या जाहिरातीत दुधासारखी गोरी मॉडेल असते. या वर्षी आपल्या जाहिरात विभागाने मराठवाड्यातील दुकानदारांना एवढेच सुचवावे की पुरवणीसाठी जिल्ह्यातल्याच एखाद्या स्त्रीला मानधन देऊन तिचा फोटो घ्या. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ छापा: ‘या छायाचित्रातील त्वचेचा रंग बदललेला नाही.’

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई, जि. बीड