विहिरीजवळचे वीस गुंठे

तीर्थरूप अण्णा आणि आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णा मला पुरते बोलू देत नाहीत आणि आईला मध्येच रडू येते, म्हणून लिहीत आहे. अण्णांच्या हृदयाच्या बायपासची तारीख मी तुम्हाला न विचारता पक्की केली आहे; सोमवारी नाशिकला दाखल व्हायचे आहे. त्या खर्चासाठी काढलेला विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांचा सौदा होणार नाही, हेही काकांना परस्पर कळवून टाकले. रागवायचे तर माझ्यावर रागवा, काकांना बोल लावू नका.

हे मी उतावीळपणे केलेले नाही. पहिल्या रुग्णालयाने आगाऊ रक्कम मागितली ती ते महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत नसल्यामुळे, आणि एवढे साधे सांगायचेही तिथे कुणाला सुचले नाही. आता जिथे जायचे आहे तिथल्या, योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने आपली केशरी शिधापत्रिका आणि आधार घेऊन मंजुरी मागवली, ती परवा आली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण असल्यामुळे शस्त्रक्रिया आणि तिथल्या मुक्कामाचा भार आपल्यावर येत नाही. उरला तो अँजिओग्राफीचा झालेला खर्च, नंतरच्या गोळ्या आणि लाल कांद्याच्या लागवडीची मजुरी; तेवढ्यासाठी माझी मुदत ठेव मोडली. लेकीचे पैसे घ्यायचे नाहीत हा तुमचा नेम मला ठाऊक आहे, अण्णा. पण २०१४ च्या गारपिटीत बाग झोपली तरी माझी वसतिगृहाची फी चुकली नव्हती. ती कुठून आणलीत हे मी विचारले नाही, तुम्हीही आता विचारू नका.

कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदासुद्धा घाईने लासलगावला नेऊन पडेल त्या भावात देऊ नका. लहानपणी ट्रॉलीतल्या कांद्यावर गोधडी अंथरून, तुमचे उपरणे पांघरून मी त्या बाजार समितीच्या आवारात झोपले आहे. कांद्याची मान दाबून पाहायला तुम्हीच शिकवलेत; ओल्या मानेचा एक राहिला तरी शेजारचे नासतात, तो आजच बाहेर काढायचा, उद्यावर टाकायचा नाही. डॉक्टर पडद्यावर तुमच्या तीन बंद वाहिन्या दाखवत होते तेव्हा मला ते आठवले.

नंतर निदान दोन महिने आमच्याकडेच राहायचे. घर तळमजल्यावर आहे, खाट खिडकीशी लावली आहे, कमोडही आहे. बाजरीची भाकरी मी स्वतः थापीन. ती आईसारखी होणार नाही, पण चुलीचा धूर तरी नसेल. आईच्या देवांसाठी कोनाडा रिकामा केला आहे, तेव्हा देव एकटे राहतील ही सबब चालणार नाही.

छातीचे हाड जुळून येईपर्यंत पाण्याची बादलीदेखील उचलायची नाही, मोटारसायकलला हात लावायचा नाही, आणि खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. तंबाखूची चंची घरीच ठेवून या. आई, दया येऊन तू ती पिशवीत सरकवशील, हे मला माहीत आहे. या वेळी नको. सांगणे कठोर वाटले असेल तर पोटात घाला, मला दुसऱ्या शब्दांत लिहिता आले नाही.

रविवारी सकाळी हे गाडी घेऊन येतील, तोवर एसटी धरू नका. धारेचे शेजारच्या वहिनींना सांगून झाले आहे. फक्त गाय कुठल्या बाजूने लाथ मारते ते आईने त्यांना दाखवून ठेवावे.

तुमची,
माई