समुपदेशनाच्या दारात वही कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझे यजमान लोटे परशुरामच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर आहेत. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ते रातपाळीला होते. मी नि दोन मुलं शेजाऱ्यांच्या माळ्यावर, फोन बंद. घाट उतरून घरी पोचायला त्यांना दुसरा दिवस उजाडला. तेव्हापासून रात्री सर आली की उठतात, बॅटरी घेऊन दाराशी जातात, खालची पायरी दिसतेय ना बघतात. एका रात्रीत चार-चार वेळा. आणि सकाळी त्याच डोळ्यांनी रिअ‍ॅक्टरवर ड्युटी.

गेल्या वर्षी कंपनीने समुपदेशक नेमल्या. दर बुधवारी, कामगारांसाठी आणि घरच्यांसाठीसुद्धा. (ठेकेदाराच्या माणसांसाठी नाही, ती बहुधा पुरात भिजत नसावीत.) नोटीस बोर्डावर ‘सर्व माहिती गोपनीय’. बाई चांगल्या, शांतपणे ऐकणाऱ्या. पण खोली टाइम ऑफिसला लागून, अर्धी काचेची, आणि दारात सिक्युरिटीची वही: नाव, खातं, येण्याचं कारण. यांनी लिहिलं ‘डोकेदुखी’. दुपारी कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारलंच, “काय रे, रत्नागिरीची गाडी कितीची?” मनोरुग्णालय रत्नागिरीला, त्यामुळे पुढचं काही बोलावं लागत नाही. त्यानंतर हे त्या खोलीकडे फिरकले नाहीत.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन आहे. वही मात्र कोणीही चाळतो. समुपदेशनाची जागा गेटच्या बाहेर, खेडला नाहीतर चिपळूणला ठेवा, वेळ फोनवर घेऊ द्या, ऑफिसला किती माणसं आली एवढाच आकडा कळू दे. याला फार खर्च येतो असं मला वाटत नाही.

शेवटी एका रात्री मीच 14416 लावला. सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट, चोवीस तास. पलीकडून मराठीत बोलले, तेव्हा फोन यांच्या हातात दिला. विहिरीच्या कठड्यावर माझ्याकडे पाठ करून वीस मिनिटं बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. तुमचा पेपर टाइम ऑफिसात येतो.

— एक वाचक, चिपळूण