प्लॉटच्या जाहिरातीत गट नंबर आणि पूररेषा छापावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत हल्ली प्लॉट आणि फ्लॅटच्या जाहिराती पानभर असतात. त्या वाचून आयुष्यात पहिल्यांदाच जागेत पैसे गुंतवू पाहणारी माणसे माझ्याकडे कागद दाखवायला येतात, कारण मी कोल्हापुरात एकतीस वर्षे दस्तलेखक म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत काम करणारा एक तरुण पत्नीसह आला. वडिलांच्या निवृत्तीची रक्कम हाताशी होती आणि दोन गुंठ्यांसाठी पन्नास हजारांचा इसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, त्याने देऊनही टाकला होता. पावती वहीच्या फाडलेल्या पानावर होती. तिच्यावर गट नंबर, म्हणजे जमिनीचा महसुली क्रमांक, नव्हता, चारी बाजूंच्या चतुःसीमा नव्हत्या, फक्त ‘रस्त्यालगतचा प्लॉट’ एवढेच शब्द होते. गट नंबर शोधून सातबारा काढला तेव्हा सव्वीस गुंठ्यांवर अकरा नावे निघाली, इतर हक्कात कुळाची (जमीन कसणाऱ्याची) नोंद आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघाला, आणि ज्याने इसार घेतला त्याचे नावच त्यात नव्हते. तो इसार अजून परत मिळालेला नाही.

असे व्यवहार का होतात, हे नव्या गुंतवणूकदाराने समजून घेतले पाहिजे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा सरळ खरेदीखताने विकता येत नसे. म्हणून विकणारे नोटरी केलेले साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) हातात देत, किंवा एकमेकांना न ओळखणाऱ्या चार-पाच जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावत. पुढे वाटणीची, रस्त्याची किंवा कर्जाची वेळ आली की या सामाईकपणाचे दुखणे बाहेर येते, कारण एकाच्या सहीवाचून दुसऱ्याचे काम होत नाही. केवळ साठेखत व मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. जुने तुकडे नियमित करण्याच्या शासनाच्या निर्णयांनंतर ‘आता सगळेच चालते’ असा समज पसरवला जातो, तो खरा नाही. बिगरशेती आदेश (शेतीखेरीज वापराची परवानगी) आणि मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) पाहिल्याशिवाय, तसेच किमान तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय इसार देऊच नये.

कोल्हापुरात याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. जलसंपदा विभागाची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते, आणि आपण दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले. तरीही जागा दाखवण्याचा हंगाम डिसेंबर ते मे असतो, तेव्हा नदीकाठचे शिवार कोरडे आणि हिरवेगार दिसते. नदीकडच्या भागात जुनी इमारत पाहायला गेलात तर पार्किंगच्या खांबांकडे बघा: छातीच्या उंचीपर्यंतच रंग नवा असेल आणि विजेचे मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर नेऊन बसवलेले असतील, तर पाणी कुठवर आले होते ते कोणाला विचारण्याची गरज नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराशी पाच मिनिटे बोलणे हे एजंटाबरोबरच्या तीन फेऱ्यांपेक्षा उपयोगी पडते.

भाड्याचा हिशोबही कागदावर मांडावा. चाळीस लाखांच्या फ्लॅटला महिना नऊ हजार भाडे धरले तर वर्षाला १ लाख ८ हजार होतात. त्यातून घरफाळा, देखभाल आणि रिकामे राहिलेले दिवस मिळून अठरा हजार वजा केले, तर परतावा सव्वादोन टक्क्यांवर येतो. त्याच फ्लॅटसाठी साडेआठ टक्क्यांनी तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज घेतले तर हप्ता सुमारे २६ हजार रुपये आहे. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे वाक्य ऐकून ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्या घरात दर महिन्याला काय ओढाताण होते ती मी जवळून पाहिली आहे.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवसायाचे नियमन करणारा कायदा, ग्राहकाच्या बाजूने आहे: नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणीच बंधनकारक नाही, आणि आपल्याकडे पेठांतून जुनी घरे पाडून उभ्या राहणाऱ्या कित्येक इमारती याच मापाच्या असतात. तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) स्वतः मागून घ्यावे लागते.

म्हणून माझी आपणास कळकळीची विनंती आहे की, जागेची जाहिरात स्वीकारताना आपण गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, बिगरशेती आदेशाचा क्रमांक आणि ती जागा निळ्या-लाल रेषेच्या आत आहे की बाहेर, एवढ्या तीन ओळी छापण्याची अट घालावी. महापालिकेनेही गट नंबरनिहाय पूररेषेची यादी वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावी, म्हणजे ज्याला नकाशा वाचता येत नाही त्यालाही आपली जागा शोधता येईल.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर